शनिवारचा आकडा

परळच्या एका जुन्या प्रसूती रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत लतिका सामंत काम करायची. वय अडतीस. लग्न केलं नव्हतं. प्रभादेवीला वडिलांबरोबर राहायची आणि सकाळी साडेआठला चालतच निघायची. तिचं काम म्हणजे आकडे लिहून घेणं.

गरोदरपणात बीपी एकाएकी चढून ज्यांचं आधीचं मूल गेलं होतं, किंवा ज्या स्वतःच जेमतेम वाचल्या होत्या, अशा बायकांवर तिथे तीन वर्षांपासून संशोधन चालू होतं. बीपी चढायला लागल्यापासून झटके येईपर्यंत हातात नेमका किती वेळ असतो, हे शोधायचं होतं. प्रत्येकीला घरी एक मशीन दिलेलं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं आणि जे येईल ते दहाच्या आत लतिकाला फोनवर सांगायचं. लतिका ते संगणकात भरायची. वरचा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद झाला, की बाईला त्याच दिवशी बोलावून घ्यायचं.

त्या ऑक्टोबरात यादीवर त्रेसष्ट बायका होत्या. त्यातली शिवडी कोळीवाड्यातली कीर्ती ही लतिकाची लाडकी. तसं ती बोलून दाखवायची नाही, पण सकाळी पहिला फोन कीर्तीचाच यायचा आणि तो आला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

"ताई, लिही. वर एकशे सव्वीस, खाली ऐंशी. लिहिलास?"

"लिहिला. पाय सुजलेत का?"

"नाय गं. तू जेवायला काय आणलंस?"

सव्वीस वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात पहिला मुलगा पोटातच गेला होता. याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. या वेळेला दिवस राहिले तेव्हा ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "मला घ्या तुमच्या यादीत." नवरा स्वरूप ट्रॉलरवर. गेला की आठ-दहा दिवसांनी परत. घरी सासरे महादेव आणि सासू गुणवंती. गुणवंती बाजारात मासळी विकायची. एकदा तपासणीला येताना कीर्तीने पिशवीभर सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. "तुझ्या बाबांना आवडतात बोललीस ना," म्हणाली. अठरा आठवड्यांत तिचा एकही आकडा चुकला नव्हता.

संशोधन डॉक्टर सुमेधा दाभोळकरांचं. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला होता. कुणाचा आकडा सलग दोन दिवस आला नाही, तर संगणक आपोआप ड्युटीवरच्या डॉक्टरला निरोप पाठवणार आणि त्याच दिवशी त्या बाईच्या घरी माणूस जाणार. लतिकाने तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, बायका कंटाळतात, विसरतात. प्रत्येक वेळी घरी जायचं?"

"जायचं. बीपी वाढलं की बाई घाबरते आणि गप्प बसते," सुमेधा म्हणाल्या होत्या. "आपल्या दृष्टीने तिचं गप्प बसणं हाही आकडाच."

हे लतिकाला पटलं होतं. पण तीन वर्षं मोठी असतात. कुणी गावाला जायची, कुणाचा फोन बंद पडायचा, कुणी दुपारी दोनला आठवण करून दिल्यावर "आज राहिलं हो" म्हणायची. रिकामे चौकोन वाढले की महिन्याच्या बैठकीत विचारणा व्हायची. मग कधीतरी, दुसऱ्या वर्षात, लतिकाने एका नियमित बाईचा राहिलेला आकडा आदल्या दिवसावरून अंदाजाने भरला. काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईचा खरा आकडा आला तो जवळपास तोच होता. मग महिन्यातून तीन-चारदा असं होऊ लागलं. याला खोटं म्हणतात हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि कामाच्या गर्दीत मागे पडलं.

त्या सोमवारी बाहेरगावचे एक तपासनीस सगळ्या नोंदी बघायला येणार होते. शनिवारी दुपारी बारा वाजून गेले तरी तीन चौकोन रिकामे होते. दोघी नेहमीच्या कंटाळखोर. तिसरी कीर्ती.

लतिकाने तिला दोनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गुणवंतीचा लावला, तो बंद. ती बाजारात असणार. लतिकाला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण मनात आलं ते असं: कीर्ती आहे, ती कशी विसरेल? घेतला असेल, सांगायचा राहिला असेल. आदल्या चार दिवसांचे आकडे तिने वर सरकवून पाहिले. १२८, १३०, १३०, १३२. तिने १३२ आणि ८४ लिहिलं, संगणक बंद केला आणि वडिलांची औषधं घ्यायला दादरला गेली.

रविवारी सुट्टी. त्या दिवशी या संशोधनाचा फोन एका शिकाऊ डॉक्टरकडे असायचा. रविवारीही कीर्तीचा आकडा आला नाही. संगणकाच्या हिशेबी तो पहिलाच रिकामा दिवस होता.

सोमवारी नऊला ती खोलीचं कुलूप काढत होती तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सिस्टर धावत वर आल्या. "लतिका, तुझी शिवडीची पेशंट आलीय. झटके येत होते टॅक्सीत. थिएटरला घेतलंय."

लतिका धावतच जिना उतरली. खाली बाकावर गुणवंती बसली होती. पदराचा बोळा तोंडात. शेजारी महादेव हात जोडून उभे होते, समोर कुणीही नसताना. सकाळी सहाला कीर्ती मोरीत पडली होती. डोळे फिरवले, दात जिभेत रुतले, अंग ताठ झालं. टॅक्सीत आणखी दोनदा.

मुलगी झाली. एक किलो दीडशे ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. कीर्तीला शुद्ध आलीच नाही. मेंदूत रक्त उतरलं होतं.

दुपारी स्वरूप आला तो धक्क्यावरून तसाच. अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास, पायात रबरी बूट. आत सोडेनात म्हणून दारात उभा राहिला. लतिकाला पाहून तो पुढे आला. त्याने तिला दोनदाच पाहिलं होतं, पण ओळखलं.

"ताई, तुमच्याकडं तर रोज आकडा जायचा ना?"

"हो," लतिका म्हणाली.

"मग शनिवारपर्यंत बरी होती?"

तिने मान हलवली. नक्की कशी हलवली ते तिलाही कळलं नाही. त्याने ती होकारार्थी घेतली.

कीर्ती मंगळवारी दुपारी तीनला गेली.

तपासनीस ठरल्याप्रमाणे सोमवारीच येऊन बसले होते. सज्जन माणूस. झालेल्या प्रकाराबद्दल त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली, नोंदी नीट ठेवल्याबद्दल लतिकाचं कौतुक केलं, आणि कीर्तीची ओळ बघताना त्यांचं बोट शेवटच्या चौकोनावर थांबलं.

"शनिवारी एकशे बत्तीस? आणि सोमवारी पहाटे झटके?" ते सुमेधांकडे वळले. "चाळीस तासांत. मॅडम, हे वेगळं आहे. हे लिहिलं पाहिजे."

सुमेधांचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता.  पुढचे दिवस त्यांनी याशिवाय दुसरं काही केलं नाही. लतिका संध्याकाळी निघायची तेव्हा त्यांच्या केबिनचा दिवा चालू असायचा आणि सकाळी यायची तेव्हा टेबलावर नवे कागद पडलेले असायचे. त्यांनी कीर्तीचे सगळे जुने रिपोर्ट काढले, लघवीच्या तपासण्या पुन्हा वाचल्या, दुसऱ्या शहरांतल्या दोन डॉक्टरांशी बोलल्या. गोळ्यांचा डोस चुकला का, घरची मशीनं कमी दाखवतात का, की काही बायकांत कसलीच सूचना न देता हे होतं? आणि तसं असेल, तर रोज आकडा घेण्यात काय अर्थ? मग आपण तीन वर्षं काय करत होतो?

दहाव्या दिवशी त्यांनी लतिकाला आत बोलावून पडद्यावर एक आलेख दाखवला. अठरा आठवड्यांची सरळ चाललेली रेघ. शेवटचा ठिपका लाल केलेला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पूर्वसूचनेशिवाय सुरू झालेले झटके.

"पुढच्या महिन्यात परिषदेत मांडतेय," त्या म्हणाल्या. "तिचं मशीन आलं का गं? मेमरी तपासायची आहे. तू आणणार होतीस."

"आणते, मॅडम."

मशीन आणायचं काम तिचंच होतं आणि ती रोज उद्यावर टाकत होती. लाल ठिपका तिने स्वतः घातलेला. आता तो डॉक्टरांना चुकीच्या वाटेने घेऊन चालला होता आणि त्यांच्या मागून आणखी किती जणांना नेणार होता, देव जाणे. घरी तिला जेवण जाईना. वडिलांनी, रमाकांतांनी, एकदाच विचारलं, "ती मुलगी मनातून जात नाही ना?" ती "नाही" म्हणाली. तेवढं खरं होतं.

तेराव्याचे विधी उरकून दुसऱ्या दिवशी गुणवंती आपणहूनच आली. लुगड्याच्या ओच्याशी प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मशीन, पट्ट्याची नीट गुंडाळी केलेलं.

"तुमची वस्तू हाय, बाय. घरात ठेवून काय करू?" म्हणाली, आणि नातीला बघायला खाली गेली.

मशीन साठ नोंदी लक्षात ठेवायचं. लतिकाने दार लावलं आणि बटण दाबलं. शनिवार, सकाळी सात दहा: १५८, १०४. सात चौदा: १५६, १०२. सात चाळीस: १६०, १०४. दिवसभरात सहा वेळा. रविवारी अकरा वेळा. शेवटचा १७६, ११४.

बाईने स्वतःच्या दंडाला सतरा वेळा पट्टा आवळला होता आणि आकडा उतरायची वाट पाहिली होती. पहिल्या आकड्यापासून सोमवारच्या सहापर्यंत सत्तेचाळीस तास. एवढा वेळ होता. हेच तर शोधायचं होतं.

लतिका मशीन घेऊन सुमेधांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सुमेधांनी मशीन हातात घेतलं. सगळे आकडे एकेक करून पाहिले. मग विचारलं, "किती वेळा?"

"सतरा वेळा घेतलं तिने, मॅडम."

"तिचं नाही विचारत. तू. असं किती वेळा केलंस?"

"नक्की नाही सांगता येणार. महिन्यातून तीन-चारदा. दुसऱ्या वर्षापासून."

"कुणाकुणाचे?"

"लिहून नाही ठेवलं."

सुमेधांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडतील अशी लतिकाची अपेक्षा होती, कदाचित इच्छाही. त्या ओरडल्या नाहीत.

"मग यातला कुठला आकडा खरा धरू मी? सांग ना. कुठला?"

सुमेधांनी पडद्यावर कीर्तीची ओळ काढली.

"शनिवार रिकामा राहिला असता तर रविवारी दुपारी आपला माणूस तिच्या दारात असता. इंजेक्शनं सुरू झाली असती. वाचली असती की नाही, मी शपथेवर नाही सांगू शकत. पण..."  पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "हे पुरं व्हायला आणखी आठ महिने हवे होते मला. आठच. जा तू आता."

त्यांनी काही लपवलं नाही. त्याच आठवड्यात सगळा प्रकार संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे ठेवला. कमिटीची बैठक दोनदा झाली. कुठले आकडे खरे आणि कुठले भरलेले हे सांगता येत नसल्यामुळे तीन वर्षांतल्या चारशे बारा बायकांच्या सगळ्या नोंदी बाद ठरल्या. अभ्यास बंद. मयताच्या घरी रीतसर पत्राने कळवायचं. लतिकाला महिन्याची नोटीस मिळाली, आणि त्या महिन्यात उरलेल्या बायकांना फोन करून मशीनं परत मागवायचं काम तिच्यावरच आलं, कारण त्या बायकांना ओळखणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

पत्र जायच्या आधी ती शिवडीला गेली. दुपारची वेळ होती. महादेव ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली, तिला पाहिलं आणि परत खाली घातली. स्वरूप बोटीवर गेला होता. आत गुणवंतीच्या मांडीवर पोर होती. आठवडाभरापूर्वी घरी आलेली, पावणेदोन किलोची. कापसाच्या टोपीत चेहरा मुठीएवढा.

"ये बाय, बस. पाणी घे."

लतिका बसली. पाण्याला हात न लावता तिने सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायचं ठरवून आली होती. शनिवारी आकडा आला नाही, मी मनानेच भरला, म्हणून घरी माणूस आला नाही.

गुणवंती ऐकत होती. पोरीच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला आणि परत सुरू झाला.

"शनवारी माझ्याच समोर लावलं तिनं मशीन," ती म्हणाली. "आकडा बघून गप बसली. मना बोलली, आई, ताईला सांगू? ते अॅडमिट करतील. मागल्या टायमाला अॅडमिट केलं नि रिकामी ओटी घेऊन आली ती. फोन वाजत होता तुझा. माझ्याकडं बघत होती." तिने पोरीची टोपी सारखी केली. "मीच बोलली, स्वरूप येऊंदे सोमवारी, तो नेईल. दोन दिवसांनी काय होतंय? मीच बोलली."

बाहेर महादेवांचा हात चालू होता. जाळ्याच्या दोऱ्याचा बारीक आवाज येत होता.

"तुम्हाला माहीत नव्हतं," लतिका म्हणाली. "मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं नि मी तिची सासू होती." गुणवंतीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर लतिकाला बसता आलं असतं. "मी तुला काय बोलू? तू माफी मागायला आलीस. मी कोणाकडं जाऊ? तुझं तू घेऊन जा, बाय. माझं माझ्याजवळ हाय."

लतिका उठली. दारापर्यंत गेल्यावर गुणवंतीने हाक मारली.

"स्वरूपला नको सांगूस. त्याला वाटतंय देवानं नेली. तेवढंच हाय त्याच्याकडं."

"रुग्णालयातून पत्र येणार आहे," लतिका म्हणाली. "सगळं लिहिलेलं."

गुणवंतीने तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडं पत्र वाचतो तोच," एवढंच म्हणाली.

पत्र गेलं. लतिका रोज वाट बघत होती की स्वरूप येईल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल, पोलिसांत जाईल. तो आला नाही. दहा दिवसांनी पोचपावती तेवढी आली, खाली त्याची सही. अक्षर शाळकरी मुलासारखं वळणदार होतं. सुमेधांनी ती फाइलला लावली. त्यांनी परिषदेला जायचं रद्द केलं होतं आणि वॉर्डच्या राउंडपलीकडे त्या आता कुणाशी बोलत नसत.

लतिकाने फोन करायला घेतले. रोज दोन-तीन. काही जणी सुटल्यासारख्या हसल्या. काहींनी मशीन ठेवून घेऊ का म्हणून विचारलं, तिला नाही म्हणावं लागलं. कुणी कारण विचारलं की सांगायचं वाक्य कमिटीने ठरवून दिलं होतं, काही तांत्रिक कारणांमुळे. पहिल्या दिवशी तिने ते तसंच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून "माझ्या चुकीमुळे" म्हणू लागली. बायका त्यावर "असू दे ताई, चुका होतात" म्हणायच्या. ते ऐकून घ्यावं लागे.

शेवटच्या आठवड्यात कॉटन ग्रीनच्या प्रितीचा नंबर लागला. सातवा महिना चालू, आधीच्या खेपेला मूल गेलेलं. तिने फोन उचलल्या उचलल्याच सांगायला सुरुवात केली.

"ताई, मीच करणार होते. आजचा एकशे छत्तीस, खाली अठ्ठ्याऐंशी. लिहिला?"

"प्रिती, ऐक. अभ्यास बंद झालाय. आता आकडा सांगायचा नाही. मशीन बुधवारपर्यंत आणून दे."

पलीकडे मुंबईची दुपार चालू होती. कुकरची शिट्टी, कुणाचा तरी टीव्ही.

"म्हणजे उद्यापासून कोणाला सांगू?"

"दर मंगळवारी ओपीडीत ये. तिथे बघतील."

"मंगळवार ते मंगळवार सात दिवस होतात ना ताई. मधल्या दिवसांत वाढलं तर?"

डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर लगेच निघायचं, कुणाची वाट बघायची नाही, नवऱ्याची नाही, सासूची नाही, असं लतिकाने सांगितलं. दोनदा सांगितलं. प्रिती "हो, हो" म्हणत राहिली आणि मग परत म्हणाली, "पण आकडा कोणाला सांगू?"

 पलीकडून फोन ठेवला गेला. लतिकाने यादीवर प्रितीच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला.